खेकड्याचं रक्त

खोब्रागडे बाईंनी खेकड्याचा पाय धरला, उलटा पिळला आणि कट्‌कन मोडला. पुढच्या बाकावरच्या मुलींनी डोळे मिटले. मागची पोरं बाकांवर चढली. खेकडा परातीत उरलेल्या पायांवर तिरका तिरका पळायला लागला.

"डोळे मिटणाऱ्यांना परीक्षेत नेमका हाच प्रश्न येतो," बाई म्हणाल्या. "उघडा."

मोडक्या पायातून काचपट्टीवर थेंब पडला. बघायला नुसतं पाणी. दुसऱ्या पट्टीवर बाईंनी गांडूळ कापलं, तिसरीवर झुरळ पिरगाळलं. गांडुळाचं रक्त लाल निघालं, झुरळाचं ना पांढरं ना पिवळं. चौथी पट्टी कशासाठी ते वरच्या वर्गातल्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, तरी सगळा वर्ग पुढे झुकला. बाईंनी टाचणी स्पिरिटच्या दिव्यावर धरली आणि स्वतःच्या बोटात खुपसली. चेहरा जरासुद्धा हलला नाही.

"हे माझं. आता पुन्हा खेकड्याचं बघा."

मघाचं पाणी हवा लागून निळसर झालं होतं. अगदी निळीच्या पाण्यासारखं गडद नाही, पण पट्टी पांढऱ्या कागदावर ठेवली की कोणीही निळंच म्हणेल असं. वर्गातून एकच 'हाऽऽ' निघाला.

"आपल्या रक्तात लोखंड असतं," बाई सांगू लागल्या. "ते हवेतला प्राणवायू धरून ठेवतं आणि लाल दिसतं. खेकड्याच्या रक्तात लोखंडाच्या जागी तांबं आहे. तेही प्राणवायू धरतं, पण निळं होतं. झुरळाच्या अंगात हवेच्या बारीक नळ्याच आहेत, त्यामुळे त्याच्या रक्ताला प्राणवायू वाहायचं कामच नाही. काम नाही म्हणून रंग नाही. रक्ताचा रंग शोभेचा नसतो रे, कामाचा असतो. काय?"

"कामाचा असतो!" वर्ग ओरडला.

सक्करदऱ्याच्या तलावामागच्या त्या शाळेत या तासाला 'रक्ताचा तास' म्हणत. वर्षातून एकदाच होई, श्रावणात, खेकडे भरपूर मिळू लागले की. तलावाकाठच्या मोहल्ल्यात अशी घरं थोडी, जिथला एकतरी पोरगा तो तास बघून आला नव्हता. बाकी बाईंकडे कौतुक करण्याजोगं काही नव्हतं, हे मीच सांगून टाकतो. आवाज फाटका, छडी जड, विनोदाशी जन्माचं वैर. लग्न झालं नव्हतं आणि त्याबद्दल विचारायची हिंमत हेडमास्तरांनाही नव्हती. पण बाई वर्गात जे सांगत ते डोळ्यांना दाखवून सांगत, आणि जे दाखवता येत नसे त्याला 'पुस्तकात असं लिहिलंय' म्हणत. खोटं त्यांना जमत नव्हतं. ते त्यांच्या घराण्यातच नव्हतं, आणि ते घराणं एका माणसाचं होतं: त्यांचे वडील, धोंडबा.

धोंडबा कापडाच्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होता. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा त्यानं चौदा वर्षांच्या पोरीचं नावही बदललं. आधी ती चिंधी होती. मास्तरांना विचारून त्यानं चारुशीला केली. स्वतःचं मात्र बदललं नाही. "मी जुना माणूस, मले कोन नव्या नावानं हाक मारन?" म्हणाला. पण त्या दिवशी घेतलेल्या प्रतिज्ञांतली 'मी खोटे बोलणार नाही' ही प्रतिज्ञा त्यानं अशी धरली, की लोक त्याला टरकून असत. मिलच्या फाटकावर एकदा सुरे चालले, तेव्हा त्यानं कोर्टात सख्ख्या साळ्याविरुद्ध साक्ष दिली. साळा आत गेला. बायको वर्षभर त्याच्याशी बोलली नाही, आणि पुढे बोलायला लागली तरी माहेरचं नाव तिनं त्या घरात पुन्हा काढलं नाही. धोंडबाला वाईट वाटलं नसेल असं नाही. पण विचारलं की तो एवढंच म्हणे, "पाह्यलं होतं. पाह्यलं ते सांगतलं."

तासाचे खेकडे येत ते शेजारून. एका भिंतीची दोन घरं: इकडे खोब्रागडे, तिकडे रुपराव ढिवर, त्याची म्हातारी आई रुखमाबाई आणि बायको मनकर्णा. रुपराव तलावात जाळं टाकी, मनकर्णा बुधवारच्या बाजारात मासे-खेकडे विकी. बाईंसाठी ती चांगले नांगेवाले दोन खेकडे गवतात बांधून बाजूला ठेवायची. एकदा ती वर्गाच्या दारात उभी राहून तो तास बघून गेली आणि संध्याकाळी पदर तोंडाला लावून हसली होती.

"बाई, हे खेकडं तुमच्या पार्टीचं दिसते वं! निळ्या झेंड्याचं!"

बाईंना विनोद कळला नाही असं नाही, पण त्या हसल्या नाहीत. धोंडबा मात्र खोकला येईपर्यंत हसला. तासाचे खेकडे शेवटी त्याच्याच ताटात येत.

भिंत एक असली की शेजारचं सगळं ऐकू येतं. रुपराव मोहाची पिऊन यायचा आणि मनकर्णेला मारायचा. कारण लागत नसे. भाजी खारट म्हणून मारी, भाजी आळणी म्हणून मारी. हातानं मारून कंटाळला की जाळ्याची दोरी घेई. तिला शिशाचे मणी असत. मोहल्ला ऐके आणि दारं लावून घेई. नवराबायकोच्या मध्ये कोण पडणार!

आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मात्र बाई पडल्या. ती दोरी हवेत असताना त्यांनी जाऊन रुपरावाचं मनगट धरलं. शाळेतल्या पोराचं धरावं तसं.

"मास्तरीण झाली म्हून आमच्या घरात घुसते काय?" रुपराव ओरडला. त्यानं बाईंना दाराबाहेर ढकललं आणि दार आपटलं. बाईंचा हात चौकटीत होता. त्यानं दार उघडून पाहिलं, हात दिसला, आणि पुन्हा आपटलं.

आखाड्यातल्या एका पहेलवानानं बोट बसवलं, पण ते वाकडंच बसलं. उजव्या हाताचं, करंगळीशेजारचं. शाळेत विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "दारात सापडलं." यातही खोटं काही नव्हतं.

हे सगळं मी सांगतोय कारण पुढं जे झालं ते कळायला हवं. दुसऱ्या वर्षीच्या भादव्यातला बुधवार होता. बाजारातून मनकर्णा लवकर परतली होती आणि दारातल्या पाट्यावर खेकड्याचे बारके पाय वरवंट्यानं वाटत होती. पाय ठेचायचे, पाणी घालून गाळायचे आणि त्या रसात मसाला शिजवायचा, अशी तिकडची रीत. बाई सुट्टी घेऊन घरी वह्या तपासत बसल्या होत्या. धोंडबा ओसरीवर पडला होता.

रुपराव आला. आधी मडकं फुटल्याचा आवाज झाला, मग शिव्या. मग मनकर्णेचं ओरडणं, ते तर रोजचंच. पण त्या दिवशी आवाज म्हातारीचा आला. रुखमाबाई मध्ये पडली असणार. "सोड, सोड, मरते मी," असं ती एकदा म्हणाली. नंतर तिला नीट बोलता येईना, घशातून नुसती घरघर ऐकू आली. बाई उठल्या. तेवढ्यात भिंतीपलीकडे नारळ फोडल्यासारखा आवाज झाला, आणि सगळं थांबलं.

बाई बाहेर आल्या तेव्हा रुपराव आपल्या पायांनी घरातून निघत होता. खांद्यावरचा पंचा त्यानं डोक्याला दाबून धरला होता. एका बाजूला झुकत, शिव्या देत तो तलावाकडे गेला. दार उघडंच होतं. आत रुखमाबाई जमिनीवर, मोकळ्या केसांनी, गळा धरून बसली होती. मनकर्णा उभी होती. तिच्या हातात वरवंटा होता, आणि वरवंट्यावरून लाल ओघळ तिच्या मनगटापर्यंत आला होता. बाईंनी आणि तिनं एकमेकींकडे पाहिलं.  मग बाई आपल्या घरात परतल्या आणि त्यांनी वह्या पुढे ओढल्या, पण त्या दिवशी एकही वही तपासून झाली नाही.

रुपराव तलावाच्या पायऱ्यांवर सापडला. डोक्याला दोन जखमा होत्या. डॉक्टर म्हणाले, एक पायरीवर पडून झाली असेल, दुसरीचं सांगता येत नाही. मेला कोणत्या जखमेनं तेही सांगता येत नाही.

चौकशीला आलेला फौजदार पोरसवदा होता, कोऱ्या करकरीत गणवेशातला, घरचा शुद्ध शाकाहारी. ढिवराच्या घरात शिरताना त्यानं नाकाला रुमाल लावला तो काढलाच नाही. मनकर्णेनं वरवंटा धुतला होता, पण टवक्यांच्या खाचांत लाल राहिलंच. फौजदारानं बोट दाखवून विचारलं, "हे काय आहे?"

 म्हातारी रुखमाबाई फौजदाराच्या रुमालाकडे बघत होती. ती म्हणाली, "खेकडे वाटले, साहेब. त्याहिचं रगत हाये."

दारात पंच म्हणून बोलावलेले दोघे होते, मागे अर्धा मोहल्ला होता. खेकड्याला लाल रक्त नसतं हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. जन्म गेला होता खेकडे फोडण्यात. पण कोणी खोकलंसुद्धा नाही. फौजदारानं लिहून घेतलं: वरवंट्यावरील रक्त खेकड्यांचे असल्याचे मयताची आई सांगते. पंचांनी खाली अंगठे उठवले.

खुद्द मयताची आईच असं सांगते म्हटल्यावर प्रकरण तिथंच मिटायचं. पण रुपरावाच्या भावकीनं अर्ज केला, वरिष्ठांनी मनकर्णेला अटक केली आणि खटला उभा राहिला. दगड तपासणीला गेला. तिकडून उत्तर आलं, रक्त आहे खरं, पण हळद-तिखटात आणि पाण्यात इतकं नासलंय की कोणत्या प्राण्याचं ते सांगता येत नाही. म्हणजे सगळं त्या म्हातारीच्या एका वाक्यावर येऊन ठेपलं.

सरकारी वकील हुशार होते. शेजारी म्हणून खोब्रागडे बापलेकीची नावं साक्षीदारांत होतीच. त्यांनी बाईंना तारखेआधी बोलावून घेतलं.

"तुम्ही विज्ञान शिकवता ना? छान. मग भांडण ऐकलं तेवढं सांगा, आणि एकच प्रश्न विचारीन. खेकड्याच्या रक्ताचा रंग कोणता? बस. त्या म्हातारीचं खोटं तिथंच उघडं पडतं."

बाई घरी आल्या. मनकर्णेला फाशी होईल की जन्मठेप, एवढाच काय तो प्रश्न उरला होता, आणि तो त्यांच्या रक्ताच्या तासानं सोडवायचा होता. खेकडे मनकर्णेनंच तर पुरवले होते.

तारखेच्या आदल्या संध्याकाळी रुखमाबाई आली. उंबऱ्याबाहेरच बसली.

"बाई, उद्या तुमी फक्त 'लाल' म्हना."

"मले नाही म्हनता येत, रुखमाबाई."

"काहून नाही? सारा मोहल्ला चूप बसला. तुमालेच काहून बोलाचं हाये?"

"माह्या पोरांनी डोळ्यानं पाह्यलं आहे त्याचं रक्त. मी लाल म्हटलं तर उद्या वर्गात कोन्या तोंडानं उभी राहू?"

"डोळ्यानं!" म्हातारीनं डोक्यावरचा पदर मागे टाकला. टाळूवर तळहाताएवढी जागा उघडी होती; केस मुळासकट उपटल्यावर राहते तशी, चकचकीत. "मीबी डोळ्यानं लय पाह्यलं, बाई. पोटचा गोळा गेला माहा. मी रडली त्याच्यासाठी, अजूनबी रडते. पन त्या दिशी त्याचे हात माह्या गळ्याभोवती होते. मनकर्णेनं तो दगुड घातला नसता तं तुमी माह्या मयतीले आल्या असत्या. आता सांगा, म्या कोनाकडून बोलाव? मेलेल्याकडून का जित्याकडून?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या बाईला रडताना मोहल्ल्यानं कधी पाहिलं नव्हतं, म्हातारीनंही पाहिलं नव्हतं, त्यामुळे ती उलट घाबरली आणि पदर घेऊन उठली. ओसरीवरून धोंडबाचा आवाज आला.

"मनकर्णा गुनाची पोरगी हाये, मले मालूम हाये. पन कोर्टात जे हाये तेच सांगजो, माय. तुह्या मामाले मी सोडलं नाई. आज हिच्यासाठी खोटं बोललो तं तो काय म्हनन?"

मामा मरून पाच-सहा वर्षं झाली होती. बाईंनी "हो, बाबा" म्हटलं.

कोर्टात बाप-लेक सकाळीच गेले. साक्षीदारांना एकमेकांची साक्ष ऐकू देत नाहीत, म्हणून धोंडबाला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि बाईंना आधी पुकारलं. पिंजऱ्यात मनकर्णा उभी होती. तुरुंगात तिचे गाल बसले होते. तिनं एकदा बाईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली. बाई काय सांगणार हे तिला कळत होतं. वर्गाच्या दारात उभं राहून तिनंही तो थेंब पाहिला होता.

भांडणाचा आवाज ऐकला? ऐकला. रुपराव बाहेर पडला तेव्हा चालत होता? चालत होता, डोक्याला पंचा धरून. प्यायलेला होता? होता. वकिलांनी सगळं पटापट उरकलं. मग टेबलावरचा वरवंटा त्यांनी दोन्ही हातांनी उचलला.

"बाई, खेकड्याच्या रक्ताचा रंग कोणता?"

"ताजं असताना पाण्यासारखं. हवा लागली की निळसर."

"लाल कधी होतं का?"

"नाही. त्यात लोखंड नसतं, तांबं असतं. ते लाल होऊच शकत नाही."

असा स्पष्ट साक्षीदार वकिलांना बहुतेक नोकरीत पहिल्यांदाच मिळाला असावा. ते न्यायाधीशांकडे वळले. वरवंटा त्यांनी जरा उंच धरला. प्रश्न त्यांनी बाईंना केलाच नव्हता, ते नाटकात बोलावं तसं बोलले, "मग या दगडावर लाल रक्त आलं कुठून? कोणाचं हे?"

"माझं," बाई म्हणाल्या.

वकील वळले. बाईंनी उजवा हात कठड्यावर ठेवला होता, वाकडं बोट सगळ्यांना दिसेल असा.

"तो आईचा गळा दाबत होता. मी आत गेले. त्यानं वरवंटा उचलून माझ्या हातावर मारला. बोट चेचलं. त्यातून रक्त आलं ते दगडावर लागलं. तो मग स्वतःच झोकांड्या खात चौकटीवर आदळला आणि डोकं धरून बाहेर गेला. मनकर्णेनं दगडाला हात लावला नाही."

कोर्टात गलका झाला. वकिलांचा चेहरा असा झाला, जणू त्यांच्याच कानशिलात कोणीतरी वाजवली आहे. त्यांनी बाईंना फितूर जाहीर करून घेतलं आणि अर्धा तास पिळलं. हे पोलिसांना का सांगितलं नाही? विचारलं नाही. म्हाताऱ्या बाईनं खेकड्याचं का सांगितलं? तिला विचारा, माझं नाव येऊ नये म्हणून सांगितलं असेल. मास्तरणीनं दारुड्याच्या घरात शिरून मार खाल्ला हे शाळेत कळलं असतं तर काय राहिलं असतं माझं? दवाखान्यात गेलात का? पहेलवानाकडे गेले. बाईंचा फाटका आवाज एकदाही कापला नाही. वर्गात सांगावं तसं त्या सांगत होत्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्यापुढे दाखवायला पट्टी नव्हती.

शाळेतल्या कोणाही शिपायाला विचारलं असतं तर ते बोट वर्षापूर्वीच वाकडं होतं हे कळलं असतं. पण वकिलांना त्याहून सोपा रस्ता दिसला. बाहेरच्या बाकावर तो म्हातारा होता, ज्यानं सख्ख्या साळ्याला तुरुंगात धाडलं होतं. ती गोष्ट कोर्टातले जुने कारकून अजून सांगत.

धोंडबा आत आला. देवाची शपथ त्यानं घेतली नाही. "खरं सांगीन, येवढं लिहा," म्हणाला.

"आजोबा, तुम्ही आयुष्यात कधी खोटी साक्ष दिलीत?"

"नाई."

"कधी खोटं बोललात?"

धोंडबानं विचार केला. "दीक्षा घेतल्यापासून नाई. त्याच्या आंधीचं सांगता येत नाई."

कोणीतरी हसलं. वकील हसले नाहीत. हेच न्यायाधीशांच्या कानावर जायला हवं होतं. "छान. आता सांगा, तुमच्या मुलीचं बोट वाकडं आहे, ते मोडलं कधी?"

"काहून?"

"विचारलं तेवढं सांगा."

धोंडबाला कमी दिसे. त्यानं डोळे बारीक करून लेकीला शोधलं. ती भिंतीकडच्या बाकावर बसली होती. उजवा हात पदराखाली होता आणि ती बापाकडे बघत नव्हती. वकिलांना घाई झाली होती. सावज समोर होतं.

"तुमची मुलगी आत्ता इथं शपथेवर सांगून गेली, की रुपराव मेला त्याच दिवशी, ह्याच वरवंट्यानं तिचं बोट मोडलं. दगडावरचं रक्त तिचं. आता तुम्ही सांगा, हे खरं आहे का?"

 रुपरावानं दार आपटलं तेव्हा म्हातारा ओसरीवरच होता. लेकीला पहेलवानाकडे त्यानंच नेलं होतं. तिचा हात मांडीवर धरून बसला होता.  साळ्याच्या वेळी त्याला इतका वेळ लागला नव्हता. पिंजऱ्यात मनकर्णेनं मान वर केली. न्यायाधीश लिहिता लिहिता थांबले.

"आजोबा?"

"माही पोरगी खोटं बोलत नाई, साहेब."

"मी ते विचारलं नाही. बोट त्या दिवशी मोडलं का?"

"आयकलं मी. बहिरा नाई हाये." धोंडबानं कठडा घट्ट धरला. "तिनं सांगतलं ना? मंग तेच. त्या दिशीच मोडलं."

मनकर्णा सुटली, पुढच्या तारखेला. संशयाचा फायदा म्हणतात तो तिला मिळाला. ती आणि रुखमाबाई अजूनही एकाच चुलीवर जेवतात, म्हातारी तिला रोज शिव्या घालते आणि ती ऐकून घेते. पण त्याला वेळ होता. मला सांगायचं आहे ते त्याच दुपारचं.

कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली पाण्याचा नळ होता. बाप-लेक बाहेर आले. चारुशीला दोन पावलं मागे होती. एकदा तिनं "बाबा" म्हटलं, पण पुढचं काही तिला सुचलं नाही. माफी कशाची मागायची? मागितली असती तर त्यानं आत्ता जे केलं ते वाया गेलं असतं.

धोंडबा नळाशी थांबला. टोपी काढून त्यानं लेकीच्या हातात दिली, वाकला, ओंजळीत पाणी घेतलं आणि चूळ भरली. थुंकला. पुन्हा भरली. गालांतून पाणी घोळवून घोळवून थुंकला. बोटानं दात घासले, जीभ घासली, पुन्हा चूळ भरली. मागे पक्षकारांची रांग लागली. "आबाजी, आम्हालेबी पानी पेऊ द्या गा," कोणी म्हणालं.

"बाबा, पुरे," चारुशीला म्हणाली. "चाला घरी."

त्यानं ओला हात वर करून तिला थांबायला सांगितलं, आणि पुन्हा ओंजळ नळाखाली धरली.